मावशींना काय काय येतं

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत मागे पडलं की भांडगाव लागतं आणि पुढे चौफुला. या टापूत एखाद्या बाईला ‘काय करतेस’ म्हणून विचारलं तर उत्तरं साधारण ठरलेली असतात. खुरपणीला जाते, कंपनीत पॅकिंगला आहे, अंगणवाडीत मदतनीस आहे, बचत गटाचं बघते. अधूनमधून एक वेगळं उत्तर येतं: ‘संस्थेत आहे कामाला.’ या उत्तरावर सहसा कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. कंपनी म्हटलं की कुठली, पाळी किती तासांची, पगार हातात किती पडतो, न्यायला गाडी येते का, सगळं विचारून होतं. संस्था म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो, ‘चांगलं आहे, पुण्याचं काम आहे’ म्हणतो आणि चौकशी तिथेच संपते. निराधार बायका, टाकलेली मुलं, मनाने खचलेली माणसं यांना आधार देणाऱ्या संस्थांत काम करणाऱ्या बायकांचं कौतुक आपल्याकडे होत नाही असं नाही. ८ मार्चला शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि एक भाषण इतकं तर हमखास असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे कौतुक चुकीच्या गोष्टीचं होतं. ती किती सोसते याचं होतं, तिला काय येतं याचं होत नाही. पुढच्या पानांत अशाच बायकांच्या कामाची वर्णनं आहेत आणि ती वाचायला घेण्याआधी हा फरक पक्का करून घ्यावा, यासाठी ही प्रस्तावना.

भांडगावपासून सुरुवात करायला एक कारण आहे. चौफुल्याला सोलापूरचा रस्ता सोडून डावीकडे वळलं की थोड्याच अंतरावर केडगाव आहे आणि केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ति मिशन. बायकांनी बायकांसाठी चालवलेल्या आधारसंस्थेचं महाराष्ट्रातलं इतकं मोठं आणि इतकं जुनं उदाहरण क्वचित सापडेल. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं, मग केडगावला जमीन घेतली गेली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर केडगावातली माणसं दीड-दोन हजारांच्या घरात गेली. हा आकडा आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो आणि पान उलटतो. तो जरा स्वयंपाकघरात नेऊन पाहावा. दीड हजार माणसं, दोन वेळचं जेवण, माणशी दोन भाकरी धरल्या तरी दिवसाला सहा हजार भाकरी होतात. त्यासाठी किती जातं फिरवायचं, किती जळण आणायचं, किती पाणी ओढायचं, कुणी किती वाजता उठायचं, हे कुणीतरी ठरवत होतं आणि कुणीतरी करत होतं. त्यात आलेल्यांपैकी अनेकजणी उपासमारीने अर्धमेल्या. भुकेल्या माणसाला एकदम पोटभर जेवण घातलं तर तो दगावू शकतो, त्याला थोडं थोडं करून अन्नावर आणावं लागतं. हे ज्ञान कुठल्या शास्त्रीबुवांचं नव्हे, चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईचं असतं.

केडगावात शेती होती, गुरं होती, विणकाम, तेलाची घाणी, शिवण, धुलाई होती. अंध मुलींना ब्रेलने वाचायला शिकवलं जात होतं. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई स्वतः ब्रेल शिकून आल्या होत्या. छापखाना होता आणि तो बायका चालवत होत्या. रमाबाईंनी बायबलचा मराठी अनुवाद मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केला, हे निदान काहींना ठाऊक असतं. तो ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्यानंतर, १९२४ मध्ये, संपूर्ण स्वरूपात बाहेर आला. पण त्या ग्रंथाचा एकेक खिळा जुळवणारे, मजकूर छापणारे, फर्मे घडी करणारे हात त्यांचे एकटीचे नव्हते. देवनागरीचा जोडाक्षरांसकटचा खिळा जुळवणं म्हणजे शेकडो कप्प्यांतून नेमका तुकडा न बघता उचलता येणं, तेही उलटी ओळ वाचत. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुलींपैकी काहीजणी काही वर्षांत हे करू लागल्या. आज आपण ‘कौशल्य विकास’ नावाने ज्याचे मेळावे भरवतो ते हेच. त्या मुलींची नावं मात्र मराठी वाचकाला ठाऊक नाहीत. मुक्ति म्हटलं की एकच नाव पुढे येतं.

याला एक कारण वादात आहे. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात गदारोळ उठला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं आणि तेव्हापासून रमाबाईंविषयी बोलायचं म्हणजे धर्मांतराविषयी बोलायचं असं ठरून गेलं. तो वाद खोटा नव्हता. आश्रयाला आलेल्या मुलीच्या श्रद्धेवर आश्रय देणाऱ्याचा किती अधिकार, हा प्रश्न आजही प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावा असाच आहे. पण शंभरावर वर्षं चाललेल्या या भांडणात एक मौज दिसते. विरोधकांना त्या बायकांच्या धर्माची काळजी होती आणि मिशनऱ्यांना त्यांच्या आत्म्याची. मिशनच्या लिखाणात त्यांचे उद्योगधंदे दिसतात, नाही असं नाही, पण आत्म्याच्या हिशेबाला जोडून. भाकरी थापणाऱ्या, रात्री तापाने फणफणलेल्या पोरीच्या उशाशी बसणाऱ्या, हिशेबाची वही ठेवणाऱ्या बाईचं काम म्हणून काम पाहायला कुणालाच सवड झाली नाही. स्तुती करणारा आणि निंदा करणारा या दोघांनी मिळून एखादी गोष्ट नजरेआड करावी, याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

पुण्याच्या दुसऱ्या टोकाला हिंगण्यातही फार वेगळं घडलं नाही. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई झाल्या, सगळ्यांच्या ‘बाया’. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. महर्षींचं चरित्र शाळेच्या पुस्तकात आलं. बायांनी मात्र ‘माझे पुराण’ लिहून घरातल्या ओढाताणीची बाजू स्वतः सांगितली म्हणून ती निदान कळली. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या, १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. आश्रमासाठी पदर पसरणारी ही बाई परक्या देशात भांडी घासून, मजुरी घेऊन जगली आणि ‘माझी कहाणी’त तिने ते लपवलं नाही. मला पार्वतीबाईंचं हे फार महत्त्वाचं वाटतं. सेवा आणि मजुरी या दोन गोष्टी एका आयुष्यात शेजारी शेजारी नांदू शकतात, एकीने दुसरी विटाळत नाही, हे त्यांनी कुठलाही सिद्धांत न मांडता जगून दाखवलं. आपल्याकडे हिंगण्याच्या गोष्टीतून तेवढाच भाग गळून पडला.

आता जरा जवळच्या काळात येऊ. केडगाव दौंड तालुक्यात. त्याच्या उत्तरेला शिरूर तालुका, आणि शिरूरमधल्या वढू बुद्रुकला १९९७ मध्ये सिस्टर लूसी कुरियन यांनी संकटातल्या बायका-मुलांसाठी संस्था सुरू केली. तिचं नाव ‘माहेर’. नावाची निवड अचूक आहे, मराठी बाईला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. पण या शब्दाकडे नीट पाहावं. माहेराला आलेल्या लेकीला विसावा मिळतो, सकाळी उशिरा उठता येतं, ताट समोर येतं. ते येतं कुठून? माहेरात कुणीतरी पहाटे उठलेलं असतं. आई असते, नाहीतर वहिनी असते. लेकीचं माहेर हे वहिनीचं सासर असतं, ही गोष्ट माहेराच्या ओव्यांच्या नादात आपण सोयीने विसरतो. आधारसंस्थेतली कर्मचारी बाई ही त्या माहेरातली वहिनी आहे. दुसरीला विसावा मिळावा म्हणून तिची पाळी लागलेली असते. संस्थांची आपली सगळी नावं पाहा: सदन, आश्रम, निवास, माहेर, घरकुल. सगळी घराची. आश्रयाला येणारीसाठी ते घर असावं, असायलाच हवं. पण तिथे पगारावर असलेल्या बाईसाठी ते कामाचं ठिकाण आहे आणि घराचं नाव दिलं की कामाचं ठिकाण दिसेनासं होतं. घरातल्या कामाला आपण काम कधी म्हणतो? केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईची त्यात रोजची २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७, असं आढळलं. घराचं काम बाईचं आणि फुकटचं, ही सवय अंगात इतकी मुरलेली की ‘सदन’ नावाच्या इमारतीत शिरतानाही ती आपल्याबरोबर आत येते.

सवय किती खोल आहे हे हाका ऐकल्या की कळतं. जवळपास कुठल्याही संस्थेत जा, समुपदेशन करणारी पदवीधर बाई ‘ताई’ असते. स्वयंपाक, झाडलोट, रात्रपाळी करणारी ‘मावशी’ असते, मग तिचं वय तिशीचं का असेना आणि ताई पन्नाशीच्या का असेनात. देणगीदारांकडून पाहणीला येणारी ‘मॅडम’ असते. हिशेब बघणारा पुरुष असेल तर तो ‘सर’. त्याला ‘काका’ म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही. नात्याची हाक मायेची असते हे खरं आणि आश्रयाला आलेल्या मुलाने ‘मावशी’ म्हणावं यात गैर काहीच नाही. पण हाक मारणारा संस्थेचा विश्वस्त असेल तर त्याच हाकेचं काम बदलतं. मावशीकडे हक्काने जादा काम मागता येतं, मावशीला सुट्टी नाकारताना अपराधी वाटत नाही, मावशी नियुक्तिपत्र मागत नाही. पदं आणि नाती यांची ही सरमिसळ कुणी ठरवून केलेली नाही, म्हणूनच ती मोडणं अवघड आहे.

तिला येतं तरी काय, असं कुणी विचारील. यासाठी एक प्रसंग बारकाईने पाहू. कुठल्याही निवारागृहात घडणारा, कुणा एकीचा नव्हे. रात्री अकराच्या सुमाराला गाडी येते. एक बाई उतरते, कडेवर दीड वर्षाचं पोर, हातात कापडी पिशवी. दार उघडणारी रात्रपाळीची बाई तिला लगेच नाव-गाव विचारत नाही, काय झालं तेही नाही. पाणी देते आणि विचारते, ‘बाळाला काय चालतं, दूध की पेज?’ आलेली बाई कितीही गोठून गेली असली तरी पोराविषयीच्या प्रश्नाला उत्तर देते, हे हिला ठाऊक आहे. त्या उत्तरातूनच बोलणं सुरू होतं. मनगटाला हात लागताच ती हात झटकते का, बसताना एका बाजूला कलते का, हे ही बघून ठेवते. मोबाईल चालू असेल तर तो बंद करायला लावते, कारण ठिकाण कळलं तर तासाभरात नवरा दारात उभा राहील. आता यापुढचं बघा. अंगावरची साडी मातीने, रक्ताने माखलेली आहे. मायाळू बाई पहिल्यांदा बंब पेटवील, आंघोळीला गरम पाणी काढील, कपडे भिजत टाकील. काम येणारी बाई तसं करत नाही. लैंगिक अत्याचाराचा जरा जरी संशय असेल तर वैद्यकीय तपासणीआधी आंघोळ नाही, कपडे धुवायचे नाहीत, बदललेच तर कागदात गुंडाळून ठेवायचे, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, कारण ओल धरून पुरावा खराब होतो. आणि हे सगळं त्या थरथरणाऱ्या बाईला अशा शब्दांत सांगायचं की तिला आपण घाण वाटतो म्हणून पाणी नाकारलं असं वाटू नये. नुसत्या मायेने इथे गरम पाणी दिलं असतं आणि खटला गेला असता. या एका थांबण्यात माया आहेच, पण तिला शिकवण मिळालेली आहे.

दुसऱ्या दिवशी ‘ताईं’चं काम सुरू होतं आणि तेही दिसतं तितकं नुसतं ऐकून घेण्याचं नसतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०प्रमाणे नोंदणी झालेल्या संस्थेला सेवा पुरवठादार म्हणून घरगुती घटना अहवाल नोंदवण्याचा अधिकार आहे, बाईची वैद्यकीय तपासणी करवण्याचा आहे, तिला निवारा मिळवून देण्याचा आहे. त्या अहवालाच्या नमुन्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक अशा प्रत्येक छळाची नोंद वेगवेगळी करायची असते, तारीख-वेळ-ठिकाणासकट. बारा वर्षांचा मार खाल्लेल्या बाईला तारखा आठवत नाहीत. तिला ‘धाकट्याच्या बारशाच्या आदल्या दिवशी’, ‘ज्या वर्षी उसाला तोड मिळाली नाही त्या वर्षी’ असं आठवतं. या स्मरणातून न्यायालयात टिकेल असा कागद उभा करणं म्हणजे अनुवादच आहे, आणि त्यात तिच्या तोंडी तिने न उच्चारलेला शब्द घालायचा नाही. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून महाराष्ट्रात हे काम शिकण्या-शिकवण्याची एक परंपरा तयार झाली आहे. पोलीस ठाण्यात बसायचं पण पोलिसांचं व्हायचं नाही, बाईच्या बाजूने राहायचं पण तिचा निर्णय आपण घ्यायचा नाही. ती चौथ्यांदा त्याच नवऱ्याकडे परत जायला निघाली तरी दार आपटायचं नाही, कारण पाचव्यांदा तिला यावंसं वाटलं पाहिजे. हा संयम स्वभावाचा नसतो. तो कमवावा लागतो, आणि तो कमवताना ऐकलेलं सगळं ऐकणारीच्या अंगावरही उतरत असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं खरं, पण याला नोकरी म्हटलं, पगार-पाळी-ग्रॅच्युइटीची भाषा आली, की सेवेचा भाव मरतो. हा आक्षेप हलका नाही, पण तो परिचारिकांच्या उदाहरणापुढे टिकत नाही. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं आणि मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाची वाट दाखवली. तेव्हा परक्याची शुश्रूषा करणं हे हलकं काम होतं. शिक्षण, प्रमाणपत्र, गणवेश, पगार आल्यावर रुग्णाला पाणी पाजणारा हात कठोर झाला असं कुणी म्हणत नाही. झालं ते एवढंच की त्या हाताला इंजेक्शनही देता येऊ लागलं. आणि ‘सेवाभाव’ या शब्दाचा हिशेब नेहमी एकाच बाजूला का निघतो? १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने धर्मादाय संस्थाही ‘उद्योग’ या व्याख्येत येऊ शकतात असं ठरवलं, त्यामागचं न्या. कृष्ण अय्यर यांचं तर्कशास्त्र साधं होतं: मालक दानशूर असला म्हणून त्याच्याकडे मजुरीवर असलेला माणूस दानशूर ठरत नाही. जिथे खरोखरच सगळे स्वेच्छेने, विनावेतन राबतात त्या संस्था त्यांनी वेगळ्या काढल्या. पुढे २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने ‘उद्योगा’च्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक आणि परोपकारी काम करणाऱ्या संघटनांच्या संस्था वगळल्या. म्हणजे भाषणात जिला आपण देवी म्हणतो तिचा वाद कुठल्या दारात न्यायचा, हा प्रश्न पुन्हा उघडा पडला. अंगणवाडीतल्या बायकांच्या बाबतीत न्यायालय दुसऱ्या दिशेने गेलं. २५ एप्रिल २०२२च्या निकालाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र ठरल्या, त्यांना मिळतं त्याला सरकार ‘मानधन’ म्हणत असलं तरी. मान आणि धन हे शब्द जोडून आपण जो शब्द केला आहे त्यात दोन्हीची मात्रा बेताचीच असते, हे डिसेंबर २०२३ मध्ये संपावर उतरलेल्या महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी रस्त्यावर येऊन सांगितलंच आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि तो देणगीदार घेतात. आम्ही दिलेला रुपया गरजूपर्यंत जावा, पगारात जाऊ नये. ऐकायला रास्त आहे. पण आधारसंस्थेत गरजूपर्यंत जातं ते नेमकं काय? धान्य जातं, औषध जातं, आणि मुख्यतः माणूस जातं. रात्रपाळीची बाई हीच तिथली सेवा आहे. तिला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणणं म्हणजे शाळेत शिक्षकाला इमारतीच्या रंगकामात धरण्यासारखं आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च यातून वगळावा असं नियमात आहे आणि उदाहरण म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरांचे, शाळेतल्या शिक्षकांचे पगार दिले आहेत. पुढे ‘इत्यादी’. गृहमाता, काळजीवाहक, रात्री दार उघडणारी बाई, या सगळ्या त्या ‘इत्यादी’त राहतात. हिशेबनीसाने मनावर घेतलं तर ती उद्दिष्टात बसते, नाही घेतलं तर ती कचेरीच्या वीजबिलाशेजारी जाऊन बसते. छोट्या संस्थांची अडचण मी नाकारत नाही. गावातून येणारी देणगी वाढदिवसाच्या जेवणाची असते, सणाला कपड्यांची असते, श्राद्धाला धान्याची असते. ‘या महिन्याचा मावशींचा भविष्यनिर्वाह निधी माझ्याकडून’ असं म्हणणारा दाता अजून भेटायचा आहे. पण संस्थेनेही तो मागून पाहिलेला नसतो. देणगीच्या पत्रकात गोड जेवणाचा दर लिहिलेला असतो, रात्रपाळीचा नसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे, कारण तो त्या बायका स्वतःच घेतात. अनेक संस्थांत गृहमाता होणारी बाई पूर्वी तिथेच आश्रयाला आलेली असते. केडगावात हे शतकापूर्वी घडत होतं आणि आजही घडतं. ‘संस्थेने मला उभं केलं, मी कसला पगार मागू?’ या प्रश्नातला प्रामाणिकपणा खोटा पाडायचा नाही. त्या बाईजवळ असं काही असतं जे कुठल्या अभ्यासक्रमात मिळत नाही. दारात उतरलेल्या बाईला कशाची भीती वाटते आहे, हे तिने आतून पाहिलेलं असतं. पण तिचं हे जाणतेपण आणि तिचं ऋण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. जाणतेपणाची किंमत वाढते. ऋणाने ती शून्यावर येते. आणि उपकाराची फेड कधी संपायची हे ठरवणं जर फेडून घेणाऱ्याच्या हातात असेल तर आधाराचं वेठबिगारीशी नातं लागायला वेळ लागत नाही. हे मी कुठल्या एका संस्थेविषयी बोलत नाही. चांगल्या संस्था हा धोका ओळखतात. राहणारी बाई कामाला लागली की तिचं पद, तिची खोली, तिचा पगार, सोडून जायची तिची मुभा, सगळं कागदावर आणतात. कागदाने माया आटते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आपल्या सातबाराकडे पाहावं. भावाभावांतलं प्रेम टिकावं म्हणूनच वाटण्या कागदावर करतात, हे दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको.

एक शंका मात्र मी पूर्णपणे परतवू शकत नाही. सगळ्या कामाचं कौशल्यात रूपांतर करून सांगितलं, कलमं आणि तास लावले, तरी उरतं असं काही असतंच. आजारी पोर एकाच मावशीच्या हातून औषध घेतं, दुसरीच्या हातून थुंकून टाकतं. याचं प्रशिक्षण नाही, याचा दर ठरवता येत नाही. मला वाटतं, ते उरलेलं जपायचं असेल तर बाकीचं सगळं आधी नीट मोजलं पाहिजे. जिच्या पाळीला शेवट नाही, जिला आठवड्याची सुट्टी नाही, जिच्या स्वतःच्या घरी तापलेलं मूल आहे, तिच्या हातून तो घोट कितीदा गोड लागेल?

या संग्रहाची मांडणी याच विचाराने केली आहे. नावं बदललेली आहेत, कारण या बायकांच्या कामात गुप्तता हीदेखील एक पाळायची गोष्ट असते. पण ‘मावशी’ हा शब्द निवेदनात टाळला आहे, तो फक्त मुलांच्या तोंडी येतो. प्रत्येकीच्या वर्णनाची सुरुवात तिच्या दुःखाने केलेली नाही. वाचकाला ती कुठून आली, तिच्यावर काय गुदरलं, याची उत्सुकता असणार. काहींच्या बाबतीत ते सांगितलंच नाही, कारण त्यांनी सांगू नका म्हटलं. त्याऐवजी तिचा दिवस आहे, तिच्या हातातल्या वह्या आहेत: हजेरी, औषधं, भेटीला आलेल्यांची नोंद, किराणा, रात्रपाळीची वही. रात्रपाळीच्या वहीत मजकूर थोडा असतो. कोण कितीला उठलं, कोण रडलं, कुणाला पाणी दिलं, कुठला दिवा चालू ठेवला. पहिलं प्रकरण स्वयंपाकघराचं आहे, क्रमाने ते पहिलं यावं असा कुणी आग्रह धरला नव्हता. पण संस्था पहाटे उघडते ती कार्यालयाच्या बाजूने नाही. साडेचारला मागचा दिवा लागतो, पीठ चाळलं जातं, आणि पहिली भाकरी तव्यावर पडते तेव्हा रात्रपाळीची बाई वही मिटून सकाळपाळीच्या हातात देते.